सिरॅमिक, ‘ग्रॅनाइट’ आणि बीड: घावण्या-बांगड्यांवर झालेली तव्यांची परीक्षा

सिरॅमिक कोटिंगचा पॅन नवा असताना त्याच्या तोडीचं भांडं स्वयंपाकघरात दुसरं नसतं. मात्र रोज चुलीवर चढणार असेल, तर वर्ष सरेपर्यंत त्यातली सगळी मजा निघून जाते. ‘ग्रॅनाइट’ म्हणून विकला जाणारा तवा त्याहून जास्त टिकतो, पण त्यात ग्रॅनाइट नसतो, आणि नॉन-स्टिकच्या ज्या रसायनापासून लांब जायचं म्हणून आपण दुकानाची पायरी चढलो तेच बहुतेक वेळा त्यात असतं. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा हात दुखेल इतका जड, सुरुवातीला रुसणारा आणि गोव्याच्या पावसात गंजणारा. तरीही पर्यावरणाचा विचार करून पैसे घालायचे असतील तर माझं मत त्यालाच. हे मत कसं झालं ते सविस्तर सांगते.

मी म्हार्दोळला राहते आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या मुलांना नाश्त्याचे व जेवणाचे डबे देते. सकाळी घावणे किंवा अंड्याचा पोळा, दुपारच्या डब्यात तळलेला मासा. त्यामुळे माझा तवा दिवसातून कितीतरी वेळा तापतो, निवतो, धुतला जातो. चार माणसांच्या घरात दोन-तीन वर्षांत होणारी झीज माझ्याकडे एका वर्षात दिसते. नॉन-स्टिकची परीक्षा घ्यायला यापेक्षा बरी जागा नाही असं मला मनापासून वाटतं, कारण दुकानात नवा असताना प्रत्येक तवा चांगलाच असतो.

तिन्ही भांडी मी गेल्या वर्षी पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीबरोबर घेतली. सिरॅमिकचा २४ सेंटीमीटरचा पॅन, आतून पांढरट, सतराशेच्या आसपास. काळ्या-करड्या ठिपक्यांचा ‘ग्रॅनाइट’ तवा, नऊशेच्या आत. आणि बिडाचा, कारखान्यातूनच तेल पाजून आलेला डोसा तवा, तेराशेला. चौथा तवा विकत घेतलेला नाही, तो सासूबाईंचा. तोही बिडाचाच, पण वर्षानुवर्षांच्या वापराने आरशासारखा गुळगुळीत झालेला. कंपन्यांची नावं देत नाही, कारण मला एका कंपनीची दुसरीशी तुलना करायची नव्हती, कोटिंगच्या जातींची करायची होती. एका जातीचे तवे थोड्याफार फरकाने सारखेच वागतात.

आधी खोक्यावरच्या मजकुराबद्दल, कारण सगळा घोळ तिथे सुरू होतो. फोंड्यातल्या दुकानात मी ‘ग्रॅनाइट’ तवा हातात घेतला तेव्हा दुकानदार म्हणाला, “बाये, हातूंत केमिकल कांयच ना, पीएफओए-फ्री आसा पळय.” म्हणजे, यात केमिकल काहीच नाही, पीएफओए-फ्री आहे बघ. खोक्यावर हिरव्या पानाच्या चित्राखाली तसं छापलेलंही होतं. छापलेलं खरं असतं, पण त्यातून आपल्याला हवी ती माहिती मिळत नाही. नॉन-स्टिक तव्यावरचा नेहमीचा गुळगुळीत थर म्हणजे पीटीएफई. हा पदार्थ १९३८ साली अमेरिकेत ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना भलतंच काही शोधताना सापडला आणि टेफ्लॉन या नावाने जगभर गेला. पीएफओए हे तो बनवताना वापरलं जाणारं वेगळं रसायन. वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गच्या कारखान्यातून ते आजूबाजूच्या पाण्यात गेलं, लोक आजारी पडले, वर्षानुवर्षं खटले चालले. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०१५ अखेर पीएफओए सोडलं, २०१९ मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या बंदी घालायच्या रसायनांच्या यादीत गेलं आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. म्हणजे आज कुठल्याही बऱ्या कंपनीचा नवा तवा ‘पीएफओए-फ्री’ असणारच, मग कोटिंग पीटीएफईचं असो वा सिरॅमिकचं. निवड करायला या शिक्क्याचा काही उपयोग नाही.

शोधायचं असतं ते ‘पीटीएफई-फ्री’ किंवा ‘पीएफएएस-फ्री’. पीएफएएस म्हणजे फ्लोरिनच्या या सगळ्या रसायनांचं कुटुंब. निसर्गात ती जवळजवळ मोडतच नाहीत, माती-पाण्यात साठत राहतात. पीएफओए गेलं तेव्हा त्याच्या जागी आलेलं जेनएक्स हे त्याच कुटुंबातलं, आणि २०१७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात केप फिअर नदीच्या पाण्यात ते सापडल्याच्या बातम्या आल्याच. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने १ जानेवारी २०२५ पासून पीएफएएस घातलेल्या भांड्यांची विक्री बंद केली. फ्रान्सने त्याच वर्षी पीएफएएसविरुद्ध कायदा केला, पण स्वयंपाकाची भांडी त्यातून वगळली. माझ्या ‘ग्रॅनाइट’ तव्याच्या खोक्यावर ‘पीटीएफई-फ्री’ कुठेच नव्हतं. आत घडी घातलेल्या कागदावर अगदी बारीक अक्षरांत कोटिंगचं नाव होतं: पीटीएफई. वरचे ठिपके ही नुसती नक्षी.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. पीटीएफईचा कण चुकून पोटात गेला तर तो पचत नाही, तसाच बाहेर पडतो. तयार तवा मध्यम आचेवर वापरला तर त्यातून जेवणात विष उतरतं असं नाही. मुख्य अडचण कारखान्याभोवतालच्या पाण्याची आहे. घरात अडचण येते ती तवा नको तेवढा तापला तर. साधारण २६० अंश सेल्सियसच्या पुढे हे कोटिंग खराब व्हायला लागतं, आणखी तापलं तर त्यातून निघणारा धूर माणसाला ताप आणतो आणि पाळलेल्या पक्ष्यांचा जीव घेतो. आमच्या शेजारच्या काकींकडे लव्हबर्ड्सचा पिंजरा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर टांगलेला असतो, त्यामुळे हा माझ्यासाठी पुस्तकी मुद्दा नव्हता.

माझा भाचा एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करतो. तो तापमान मोजायची बंदूक घेऊन आला आणि आम्ही रिकामे तवे मोठ्या शेगडीवर ठेवून बघितले, खिडक्या सताड उघड्या ठेवून आणि काकींचा पिंजरा मागच्या अंगणात नेऊन. ‘ग्रॅनाइट’ तव्याचा पत्रा पातळ. मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटांत आकडा अडीचशेच्या पुढे सरकायला लागला तशी मी शेगडी बंद केली. घावन उत्तम होतं ते १८० ते २०० च्या मधे. म्हणजे तवा तापत ठेवून नारळ खवायला वळलात तरी धोक्याची रेघ जवळ येते. आपल्याकडे पावसात मासेमारी बंद असते, जून-जुलैचे दोन महिने सुक्या माशावर भागवायचं, आणि किसमुरीसाठी, म्हणजे सुक्या माशाच्या कोशिंबिरीसाठी, सुंगटं (सुकी कोळंबी) कोरडीच भाजायची. तेल नाही, पाणी नाही, नुसता तापलेला तवा. ते काम पीटीएफईच्या तव्यावर करूच नये. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी जी आहार-मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही नॉन-स्टिक भांडी १७० अंशांपलीकडे तापवू नका आणि कोटिंग झिजलं की टाकून द्या असं म्हटलंय. १७० म्हणजे घावन पांढरंफटक राहील. यावरूनच हा तवा कुणासाठी आहे ते ठरवा.

आता सिरॅमिक. नाव सिरॅमिक असलं तरी ती चिनी माती नव्हे. वाळूत असते त्या सिलिकापासून केलेलं द्रावण ॲल्युमिनियमवर फवारून भट्टीत सुकवतात. फ्लोरिन नाही, त्यामुळे पीएफएएसचा प्रश्नच नाही. पीटीएफईला चारशे अंशांच्या आसपास शेकावं लागतं, याला बरीच कमी उष्णता पुरते, म्हणजे कारखान्यात इंधनही कमी. ग्रीनपॅन या बेल्जियन कंपनीने २००७ साली हे कोटिंग बाजारात आणलं आणि आता आपल्याकडेही ढीगभर कंपन्या ते करतात. बनवण्याच्या टप्प्यावर हे दोघांतलं स्वच्छ कोटिंग आहे, यात मला शंका नाही.

पहिल्या दिवशी त्याच्यावर अंडं फोडलं, तेलाचा थेंब नाही. अंडं पॅनमधून आपण होऊन घरंगळलं. घावणाचं पीठ आमच्याकडे पाण्यासारखं पातळ असतं, कडेकडेने ओतायचं, मधली भोकं आपोआप पडतात. सिरॅमिकवर पीठ एका जागी गोळा व्हायला बघतं, कारण कोटिंग पाणी झिडकारतं. म्हणून जाळी हवी तशी पडत नाही. पण सुटायला मात्र कमाल. कड कोरडी झाली की नुसता पॅन हलवायचा, घावन गोल फिरतं. तवसळीचं, म्हणजे काकडीच्या गोड केकचं, उरलेलं मिश्रण मी त्यात झाकण घालून भाजलं, तर गुळाचा पाक असूनही बूड सुरेख लालसर आणि अखंड निघालं. गूळ म्हणजे चिकटण्याची शेवटची परीक्षा. त्यात तो पूर्ण मार्कांनी पास.

आंबटाचाही त्याला त्रास नाही. कोकमाची आगळ, चिंच, टोमॅटो, काहीही घाला. बिडावर हे जमत नाही, ते पुढे येईलच.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुमाराला मात्र याच सिरॅमिकवर अंड्याला तेल लागायला लागलं. दिवाळीपर्यंत पॅनच्या मधोमध, जिथे आच थेट लागते तिथे, पिवळट-तपकिरी चकती दिसायला लागली. हात फिरवला तर ती इतर भागापेक्षा किंचित खरखरीत लागायची. शिगमो, म्हणजे आमची होळी, आला तेव्हा घावन मधोमध फाटत होतं, कडेला मात्र अजूनही सुटत होतं. लाकडी उलथण्याशिवाय आणि करटीच्या दवलीशिवाय (करवंटीच्या पळीशिवाय) त्याला काही लागलेलं नाही, आच कधी मध्यमपुढे गेली नाही, गरम पॅनवर गार पाणी ओतलेलं नाही.

ही तपकिरी चकती म्हणजे काय, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. तेल तापलं की त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि वार्निशसारखा कडक पापुद्रा तयार होतो. सिरॅमिकच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडत जातात, त्यांत तेल शिरतं आणि तिथेच भाजून बसतं. त्यावर पुढचं तेल, त्यावर अंड्याचा बलक. खायचा सोडा पाण्यात कालवून मऊ फडक्याने हळूहळू घासला की चकती फिकी होते आणि पॅन आठवडाभर परत बरा वागतो, पण नव्यासारखा पुन्हा कधीच होत नाही. आता गंमत बघा, बिडाचा तवा चिकटत नाही तो नेमक्या याच पापुद्र्यामुळे. जो थर एका तव्याला मारतो त्याच्याच जिवावर दुसरा जगतो. सिरॅमिकवर पहिल्या दिवसापासून जे साठतं ते नुकसान, बिडावर जे साठतं ती कमाई. माझ्यासाठी सगळा निकाल इथेच लागला.

बांगड्याकडे येते, कारण गोव्यात तवा घेताना खरा प्रश्न तोच असतो. मीठ, हळद, तिखट आणि आगळ लावून अर्धा तास ठेवलेला बांगडा, वर रवा आणि थोडं तांदळाचं पीठ, घाण्याचं खोबरेल. सिरॅमिकच्या पॅनवर पहिल्या महिन्यांत मासा सहज उलटायचा, पण कवच मऊ राहायचं. पातळ ॲल्युमिनियमवर चार गार बांगडे एकदम ठेवले की तापमान धाडकन खाली येतं, रवा तळण्याऐवजी वाफाळतो. आच वाढवावी तर कोटिंगचं आयुष्य जातं. नंतरच्या महिन्यांत तर रवा पॅनलाच राहायचा आणि बांगडा उघडा वर यायचा.

बिडाचा तवा तापायला वेळ खातो. मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं द्यावीच लागतात, आणि बीड उष्णता सावकाश पसरवतं, त्यामुळे शेगडीच्या ज्वाळांचं गोल कडं तव्यावर आधी तापतं. अधूनमधून तवा थोडा फिरवायचा. पण एकदा तापला की तो ऊब सोडत नाही. बांगडे ठेवल्यावर जो चर्र आवाज येतो तो शेवटपर्यंत टिकतो. पहिली दोन-तीन मिनिटं माशाला हात लावायचा नाही. या वेळात मासा तव्याला धरून असतो, उलथणं घातलं तर साल फाटणारच. कवच बनलं की तो आपण होऊन सुटतो. बाजू उलटल्यावर रव्याचा एकेक दाणा जागेवर असतो आणि रंग विटेसारखा लालसर. डब्यातून तासाभराने खाल्ला तरी कवच थोडं कुरकुरीत लागतं, असं कुंडईची मुलं सांगतात, आणि ‘काल बांगडे दुसऱ्या तव्यावर होते ना?’ असं विचारणाराही त्यांच्यात एकजण आहे. माझ्यासाठी त्याचं प्रमाणपत्र कुठल्याही शिक्क्यापेक्षा मोठं.

आगळ लावलेला मासा तळायला बिडावर काही होत नाही, वेळ थोडा असतो. पण हुमण (माशाची आमटी) किंवा सांबारासारखं आंबट, पातळ काही त्यात शिजवू नका. आंबटाने पापुद्रा सुटतो, रस्सा काळपट होतो आणि जिभेला लोखंड लागतं. आंबटासाठी स्टील आहे, नाहीतर डिचोलीच्या कुंभारांचं मातीचं बुडकुलं आहे, ज्याला कोटिंगच लागत नाही.

नवा बिडाचा तवा आणि सासूबाईंचा यांच्यातला फरकही सांगायला हवा, कारण नवा घेऊन निराश झालेल्या बायका मला बऱ्याच भेटल्यात. नवा तवा वाळूच्या साच्यात ओतलेला असतो, त्याचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दाणेदार असतो. कारखान्यात त्याला तेलाचा एखाद-दुसरा हात दिलेला असतो, तेवढ्यावर घावन सुटत नाही. पहिले काही आठवडे त्यावर भाकरी भाजा, कांदा परता, मासे तळा. घावणाच्या वाटेला मागाहून जा. मधूनमधून तेल पाजायचं: तवा कोरडा तापवायचा, तेलाचं बोट फिरवायचं, मग फडक्याने इतकं पुसायचं की तेल लावलंच नाही असं वाटावं, आणि धूर थांबेपर्यंत तापवायचं. जाड थर दिला तर चिकट डाग राहतात.

इथे आपल्या गोव्यातल्यांसाठी एक खास सूचना. हे काम खोबरेलाने करू नका. आपला हात सवयीने त्याच बाटलीकडे जातो. पण तेलाचा पापुद्रा बनायला त्यात असंतृप्त चरबी लागते, आणि खोबरेलात ती फारच थोडी. ते तव्यावर ओशट राहतं, कडक होत नाही. सूर्यफुलाचं किंवा सोयाबीनचं तेल घ्या. सासूबाई शेंगदाण्याचं लावत, त्यानेही त्यांचा तवा घडला. तळायला खोबरेल खुशाल वापरा, पाजायला नको.

आणि पाऊस. मिरगापासून चवथीपर्यंत आमच्याकडे मीठसुद्धा पाणी होतं. धुतलेला बिडाचा तवा ओट्यावर तसाच राहिला तर सकाळी तांबूस झालेला दिसतो. धुतला की लगेच शेगडीवर कोरडा करायचा आणि तेलाचं फडकं फिरवायचं, यात सवलत नाही. गंज आला तरी तवा मेला असं नाही. नारळाच्या सोडणाने आणि राखेने घासून काढा, पुन्हा तेल पाजा, आठवड्यात तो मूळपदावर येतो. दमट हवेचा त्रास कोटिंगच्या तव्यांनाही होतोच, फक्त वेगळ्या जागी: माझ्या ‘ग्रॅनाइट’ तव्याच्या मुठीचा स्क्रू एका पावसाळ्यात गंजून ढिला झाला. मूठ डगमगणारा तवा गरम तेलासकट उचलायचा म्हणजे जिवावरचा खेळ.

शेवटी या तव्यांचं होतं काय? सिरॅमिकचा पॅन मी भंगारवाल्याला दाखवला. त्याने नुसत्या ॲल्युमिनियमच्या टोपाला जो भाव दिला त्याहून याला कमी सांगितला, कारण कोटिंग जाळून काढावं लागतं. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला नव्याच्या मानाने सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते, म्हणून ते भंगारात जाणं चांगलंच. पण बॉक्साइटपासून एक किलो ॲल्युमिनियम काढायला पंधराएक युनिट वीज जाते, आणि दर वर्ष-दीड वर्षाने नवा पॅन आणायचा म्हणजे हे चक्र आपणच फिरवत ठेवायचं. लोखंडसुद्धा फुकट येत नाही. खाणींनी डिचोली-सांग्याच्या डोंगरांचं, शेतांचं आणि विहिरींचं काय केलं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले तेव्हा त्यावर पोट असलेल्यांची घरंही आमच्याच गावांत होती. म्हणून एकदा घेतलेलं लोखंड पिढ्या-दोन पिढ्या चुलीवर राहिलं पाहिजे असं मला पोटतिडकीने वाटतं. सासूबाईंचा तवा राहिला आहे. पांढऱ्या पॅनचं वर्षही पुरं झालं नाही.

तरी सिरॅमिक कुणी घ्यावं, तर ज्यांच्या घरात मनगटाचं दुखणं आहे, ज्यांना डॉक्टरांनी तेल बंद केलंय, जे एकटे-दुकटे राहून दिवसाला एक-दोन अंडी करतात. बिडाचा तवा दोन-अडीच किलोचा, सिरॅमिकचा पॅन त्याच्या निम्म्याहूनही हलका. अशा घरात तो दोन-तीन वर्षं छान जाईल. मोठा घेऊ नका, २० सेंटीमीटरचा पुरे. आच मंद ठेवा, तवा आपण होऊन निवू द्या, फवाऱ्याचं तेल वापरू नका, त्याचा पापुद्रा सगळ्यात लवकर बसतो. ‘ग्रॅनाइट’ मी कुणालाच सुचवणार नाही. पीटीएफईचा तवा घ्यायचाच असेल तर तो पीटीएफई आहे हे खोक्यावर ठळक लिहिणाऱ्याचा घ्या.

इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमच्या पॅनखाली स्टीलची चकती आहे का ते लोहचुंबक लावून बघा. बीड इंडक्शनवर चालतं, मात्र काचेवरून ओढायचं नाही, उचलून ठेवायचं. घावणासाठी बिडाचा तवा घेताना मधोमध किंचित खोलगट असलेला निवडा, पीठ कडेला सांडत नाही. इंडक्शनसाठी तोच सपाट बुडाचा हवा. दुकानातच तो काचेच्या काउंटरवर ठेवून एका बोटाने कड दाबून बघा. डुगडुगला तर दुसरा काढायला सांगा.